ओव्याचा सख्खा भाऊ घशाच्या गोळीत

या वेळची पत्रं उघडली आणि हसूच आलं, निवडलेल्या सहाच्या सहा पत्रांत घसाच. निफाडला पारा उतरला की इकडे गोदाकाठी पहाटे दात वाजायला लागतात, त्यात दुपारी ऊन, रस्ते खोदून ठेवलेले, धुरळा, मग घशाने तरी काय करायचं. चाळीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे काढली, आता दुकान पोरगा बघतो, पण एवढं नक्की सांगतो की डिसेंबर-जानेवारीत काउंटरवरून सगळ्यात जास्त उचलल्या जातात त्या घशाच्या गोळ्या, आणि सगळ्यात कमी वाचलं जातं ते त्यांचंच लेबल. म्हणून पहिलं पत्र वाचून बरं वाटलं, कुणीतरी पाकीट उलटं करून बघितलं.

प्रश्न : मी शाळेत पाचवी-सहावीला शिकवते, वर्गात साठ पोरं, दुपारपर्यंत आवाज जातो. रोज दोन-तीन गोळ्या चघळते. परवा मागे वाचलं तर अमिलमेटाक्रेसॉल आणि डायक्लोरोबेन्झिल अल्कोहोल. सासूबाई म्हणतात अल्कोहोल म्हणजे दारूच ना, आणि गोळीला फिनाईलसारखा वास पण येतो म्हणे. हे रोज पोटात गेलं तर चालतं का, आणि आवाज का सुधरत नाही? (शिक्षिका, सिडको)

ताई, आधी सासूबाईंची शंका. केमिस्ट्रीत अल्कोहोल हे घराण्याचं आडनाव आहे, एकट्या दारूचं नाही. ग्लिसरीन त्याच घराण्यातलं, पुदिन्याचं मेंथॉल त्यातलंच, रक्तातलं कोलेस्टेरॉलसुद्धा, शेवटी 'ऑल' आहे बघा. डायक्लोरोबेन्झिल अल्कोहोल ही पांढरी स्फटिकासारखी पावडर असते, तिने झिंग येत नाही. संकष्टीला चालते का ते मात्र सासूबाईच ठरवतील, त्यात मी पडत नाही.

पण फिनाईलच्या वासाचं म्हणाल तर सासूबाईंच्या नाकाला मानलं पाहिजे. १८६५ साली ग्लासगोला जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनकडे ११ वर्षांचा एक पोरगा आला, गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून जखम उघडी पडलेली. त्या काळी अशी जखम सडायची आणि बऱ्याचदा पायच कापायला लागायचा. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं कापड बांधलं, जखम सडली नाही आणि दीड महिन्यात हाड जुळलं. हे कार्बोलिक ॲसिड म्हणजेच फिनॉल, दगडी कोळशाच्या डांबरातून निघायचं. जंतूंना मारायचं पण माणसाची कातडीही भाजायचं, त्यामुळे ते दाट असताना कुणी तोंडात धरू शकत नव्हतं. मग केमिस्ट लोकांनी फिनॉलच्या रेणूतल्या कड्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडून बघायला सुरुवात केली. एक कार्बनची इटुकली शेपटी जोडली की क्रेसॉल होतं, मोरीत टाकायच्या काळ्या फिनाईलमध्ये असतं ना ते. त्या क्रेसॉललाच ठरावीक जागी पाच कार्बनची आणखी एक शेपटी लावली की झालं अमिलमेटाक्रेसॉल. 'अमिल' म्हणजे ती पाच कार्बनची शेपटी. शेपटी लांबली की ते जंतूच्या बाहेरच्या चरबीच्या पापुद्र्यात जास्त सहज घुसतं, पापुद्रा फाटतो, आतला माल गळतो, आणि मग अगदी चिमूटभर औषध पुरतं, कातडी भाजण्याइतकं लागतच नाही.

आता खरी गंमत सांगतो, मला स्वतःला ही कळली तेव्हा दुकानात बसल्या बसल्या मी एकटाच हसलो होतो. तेच क्रेसॉल घ्या, त्याच जागी पाच कार्बनच्या सरळ शेपटीऐवजी तीन कार्बनची, बेचकीसारखी फाटा फुटलेली शेपटी लावा. काय मिळतं? थायमॉल. म्हणजे आपला ओवा, ओव्याचा तो झणझणीत वास. बाकी सगळा सांगाडा तोच, फरक फक्त त्या एका शेपटीचा. त्या थायमॉलमध्ये हायड्रोजन भरला की मेंथॉल होतं, आणि कारखान्यात मेंथॉल बनवायची एक मोठी पद्धत खरंच क्रेसॉलपासून थायमॉल आणि थायमॉलपासून मेंथॉल अशीच आहे. म्हणजे मोरीतलं फिनाईल, डब्यातला ओवा, पुदिन्याचा थंडावा आणि तुमची गोळी ही सगळी एका वाड्यातली माणसं, वेगवेगळ्या खोल्यांत राहणारी. स्ट्रेप्सिल्स नावाने या दोन औषधांची जोडी इंग्लंडच्या बूट्स कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणली, एका गोळीतलं प्रमाण ०.६ मिलिग्रॅम अमिलमेटाक्रेसॉल आणि १.२ मिलिग्रॅम डायक्लोरोबेन्झिल अल्कोहोल असंच माहीत आहे सगळ्यांना, आपल्याकडच्या दुसऱ्या कंपन्यांच्या गोळ्यांवरही बहुतेक हेच आकडे दिसतील. ०.६ मिलिग्रॅम म्हणजे बारीक मिठाचे आठ-दहा कण धरा. एवढं पोटात गेलं तर लिव्हर त्याची वाट लावतं, चार दिवस गोळ्या खाल्ल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. दर दोन-तीन तासांनी एक, आणि चोवीस तासांत बाराच्या वर नाही, हा नेहमीचा हिशोब, पण तुमच्या पाकिटावर कमी लिहिलं असेल तर तेच खरं.

ही जोडी जंतू मारण्यापलीकडे आणखी एक काम करते आणि माझ्या मते तुम्हाला जो आराम वाटतो तो जास्त करून त्याचाच. नसांमधून दुखल्याचा निरोप मेंदूकडे जातो तो सोडियमच्या बारीक दारांमधून, आणि ही दोन्ही औषधं ती दारं थोडी दाबून धरतात, दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन देऊन बधिर करतात ना त्याच जातीचं पण खूप सौम्य. पाचेक मिनिटांत घशाची टोचणी कमी होते आणि दीड-दोन तास टिकते.

आता आवाज का सुधरत नाही ते ऐका, हे पाकिटावर कुठे लिहिलेलं नसतं. गोळी विरघळून लाळेतून घशाच्या मागच्या भिंतीवरून खाली जाते ती सरळ अन्ननलिकेत. आवाज निघतो तो स्वरयंत्रातून, आणि ते आहे श्वासाच्या रस्त्यावर, गिळताना त्यावर झाकण पडतं. झाकण पडलं नाही तर ठसका लागेल ना. म्हणजे गोळीचा रस तुमच्या स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. साठ पोरांवर ओरडून सुजलेल्या तंतूंना हवी असते विश्रांती, पाणी आणि थोडी वाफ. उलट गोळीने दुखणं कमी वाटतं म्हणून तुम्ही दुपारच्या तासाला आणखी ओरडता, तोटाच. कुजबुजत बोलू पण नका, कुजबुजण्याने आराम मिळतो असं वाटतं पण तंतूंवर उलटा ताण येतो, हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. टेबलावर डस्टर आपटा, टाळी वाजवा, जुने मास्तर काय करायचे ते आठवा. आणि तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, मेडिकलवाल्याला नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा. चार दिवस ताप, घसा खूप दुखतो, गिळवत नाही, गळ्याला दोन्ही बाजूला गाठी लागतात. खोकला-सर्दी अजिबात नाही. अँटिसेप्टिक गोळ्या देतेय कारण शेजारच्या म्हणाल्या जंतू त्यानेच मरतात, अँटिबायोटिक कशाला उगीच. बरोबर आहे ना? (एक आई, नाशिकरोड)

नाही, बरोबर नाही, आणि हे छापून येईपर्यंत तुम्ही थांबला असाल असं मला वाटत नाही म्हणून पत्र आलं त्याच दिवशी ऑफिसमधून तुम्हाला फोन करायला लावला. पण इतर आयांसाठी लिहितो. बहुतेक घसेदुखी व्हायरसची असते, त्यात सर्दी, खोकला, नाक गळणं बरोबर येतं आणि आठवड्यात आपोआप जाते, तिथे अँटिबायोटिकचं काही काम नाही, शेजारच्या ताईंचं तेवढं म्हणणं रास्त. पण ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे ठिपके, गळ्याला पुढच्या बाजूने दुखऱ्या गाठी, आणि वय पाच ते पंधरा, हे सगळं जमून आलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं स्ट्रेप्टोकोकस. हा जंतू नुसता घशाच्या भिंतीवर बसलेला नसतो, आत टिशूमध्ये शिरलेला असतो, आणि गोळी काम करते ती वरवर, लाळेत आहे तोवर, दहा-पंधरा मिनिटं. अंगणात पाणी मारलं म्हणून विहिरीतला गाळ निघत नाही.

आणि भीती घशाची नाहीच. हा घसा उपचाराविना राहिला तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, एक सांधा बरा झाला की दुसरा, आणि हृदयाच्या झडपा खराब होतात, त्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. आपल्या देशात अजूनही तरुण वयात झडपेचं ऑपरेशन करायला लागणाऱ्या कितीतरी जणांची गोष्ट लहानपणच्या अशा घशापासून सुरू झालेली असते. चांगली बाजू ही की दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत योग्य अँटिबायोटिक चालू केलं तरी हा धोका टळतो, म्हणजे चार दिवस गेले म्हणून वेळ गेलेली नाही. डॉक्टरने पेनिसिलिनच्या जातीचं औषध दहा दिवस दिलं तर दहा दिवसच द्यायचं, तिसऱ्या दिवशी पोरगा क्रिकेट खेळायला पळाला तरी. माझ्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय 'तीन दिवसांवाली ती घशाची द्या' म्हणून कितीतरी जण यायचे, नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जायचे, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जाता जाता, सहा वर्षांच्या आतल्या मुलाला चघळायची गोळी देऊच नका, श्वासात अडकते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही म्हणू देत.

प्रश्न : द्राक्षबागेत फवारणी केली की दोन दिवस घसा जळजळतो, म्हणून फवारताना गालात गोळी धरून ठेवतो. ठीक का? (बागायतदार, दिंडोरी तालुका)

दादा, अजिबात नको. तुमच्या घशात जंतू नाहीत, गंधकाची धूळ नाहीतर बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा फवारा गेलाय, त्यावर जंतू मारायचं औषध काय करणार. गोळी फक्त बधिर करते, म्हणजे जळजळ होऊन मास्क नीट बसलाय का ते बघायची जी आठवण शरीर करून देतं ती पण बंद. वर हातमोज्याच्या, फवाऱ्याच्या हातांनी गोळी तोंडात टाकता म्हणजे फवारणीचं औषध सरळ पोटात. नाकातोंडाला मफलर नाही, फवारणीचा मास्क लावा, वाऱ्याच्या उलट्या दिशेने ब्लोअर चालवू नका, आंघोळ झाली की मग मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या.

प्रश्न : डायबेटिस आहे, रोज आठ-दहा गोळ्या होतात, साखर वाढेल का? (काका, गंगापूर रोड)

वाढेल की. औषध दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही, गोळी मात्र अडीच ग्रॅमच्या आसपास, मधला सगळा फरक म्हणजे साखर आणि ग्लुकोज. दहा गोळ्या म्हणजे पंचवीस ग्रॅम, चहात पाच चमचे घातल्यासारखं. शुगरफ्री घ्या, त्यात आयसोमाल्टसारखं काहीतरी असतं, पण तेही जास्त झालं की पोट ढिलं होतं, त्यामुळे तीही फुटाण्यासारखी खायची नाही. आणि गालात एकाच जागी धरून झोपायचं नाही, ही चूक मी स्वतः केलीय, एका हिवाळ्यात रोज रात्री डाव्या गालात गोळी ठेवून झोपायचो, वसंतात डावी दाढ किडली आणि दातांच्या डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही रात्री काय चघळता, मेडिकलवाले असून.

प्रश्न : मुलाने लंडनहून स्ट्रेप्सिल्स नावाच्याच पण 'इंटेन्सिव्ह' लिहिलेल्या गोळ्या आणल्या. आपल्यासारख्याच ना? ह्यांना ॲसिडिटी आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. (वाचक, इंदिरानगर)

बरं झालं विचारलंत. नाव तेच, डबी तशीच, पण औषध वेगळं. त्यात अँटिसेप्टिक नाहीच, फ्लुर्बिप्रोफेन आहे ८.७५ मिलिग्रॅम, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या भावकीतलं वेदनाशामक. सूज उतरवायला चांगलं, घसा फारच सुजला असेल तर साध्या गोळीपेक्षा उजवं, पण दिवसात पाचच्या वर नाही आणि तीन दिवसांच्या वर नाही. ज्यांना पोटात अल्सर झालाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दम्यात अशा वेदनाशामकाने त्रास झालाय, किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने आहेत त्यांनी ती घ्यायची नाही. म्हणजे तुमच्या ह्यांनी नाही. साधी घ्या. नावावर जाऊ नका हो, एकाच नावाखाली चार वेगळी औषधं असतात, मागे 'कंटेंट' लिहिलेलं असतं तिथे बघा.

प्रश्न : आमचं ढोल पथक आहे, पंचवटीतलं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात उड्या, मग रात्री मिसळ, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा घसा गेलेला. पथकातल्या एकाने कुठेतरी वाचलं की या गोळ्या कोरोनाचा व्हायरस पण मारतात. आणि माझी आजी म्हणते गोळ्या कशाला, ओवा चघळ. कोण खरं? (ढोलवाला)

आजी. म्हणजे पूर्ण नाही, पण तुझ्या मित्रापेक्षा जास्त.

मित्राने वाचलं ते लॅबमधलं. काचेच्या नळीत हे औषध आणि व्हायरस एकत्र ठेवला तर ज्या व्हायरसला बाहेरून चरबीचं वेष्टन आहे तो मेलेला दिसलाय, वर सांगितलं ना, चरबीच्या पापुद्र्यात शेपटी घुसते. पण सर्दीचा सगळ्यात कॉमन व्हायरस म्हणजे रायनोव्हायरस, त्याला वेष्टनच नाही, शेपटी घुसणार कशात. आणि माणसाच्या घशात व्हायरस पेशीच्या आत बसलेला असतो, नळीत तरंगत नाही. त्यामुळे आराम वाटावा म्हणून घे, आजार टळावा म्हणून नको. आणि रात्री अकराला तर्रीवाली मिसळ हाणून लगेच आडवं झालं तर पोटातलं ॲसिड वर येऊन घसा जाळतं, तो त्रास रंगाचाही नाही आणि व्हायरसचाही नाही.

आता आजीचं. वर ताईंना सांगितलंय ते वाच, ओव्यातलं थायमॉल हे गोळीतल्या औषधाचा सख्खा भाऊच. लवंगेतलं युजेनॉलसुद्धा त्याच फिनॉल घराण्यातलं, म्हणून तर दात दुखला की लवंग धरतात आणि दाढ बधिर होते. जेष्ठमध वेगळा, तो बधिर करत नाही, घशावर लेप बसवल्यासारखं करतो, पण रोज खूप खाल्ला तर बीपी वाढतं, आजोबांना देताना लक्षात ठेव. ओवा आणि गोळीत फरक एवढाच की गोळीत किती आहे ते माहीत असतं आणि ती हळूहळू विरघळते, ओव्याचा दाणा किती जोरदार निघेल ते त्या ओव्यावर. चार-पाच दाणे आणि खडीसाखरेचा खडा गालात धरला तर टोचणी नक्की कमी होते, मी अजून तेच करतो, दुकान आमचं असून.

फक्त आजीकडे 'ओव्याचं फूल' असेल तर त्यापासून लांब राहा. ते निखळ थायमॉल असतं, काचेसारखे खडे. पूर्वी घराघरात ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घालायचे, तीन कोरडे खडे एकमेकांना लागले की बघता बघता त्याचं पाणी व्हायचं, आम्ही पोरं ती जादू बघायला जमायचो, तीच अमृतधारा. त्याचा थेंब साखरेवर घ्यायचे, तोही मोठ्या माणसाने. माझ्या चुलतभावाने एकदा खडीसाखर समजून ओव्याच्या फुलाचा खडा जिभेवर ठेवला होता, दोन दिवस त्याला गरम वरणभात गिळता आला नाही आणि आईने बाटली माळ्यावर टाकली.